मेदानच्या गल्लीत अडवलेला बांबूचा घोडा

एप्रिल २०२१ चा पहिला आठवडा. इंडोनेशियातल्या उत्तर सुमात्रा प्रांताची राजधानी मेदान आणि त्या शहरातला सुंगगाल हा भाग. वस्तीत बांबूच्या घोड्यांचा नाच लागला होता. ‘फोरम उमत इस्लाम’ या संघटनेचे कार्यकर्ते तिथे आले आणि खेळ बंद करा म्हणाले. कोविडचे दिवस होते, गर्दी जमवायला मनाई होती, त्यामुळे अडवायला एक सरकारी कारण हाताशी होतंच. पण बाचाबाची वाढली तसा जो शब्द तोंडातून निघाला, त्याचा साथीशी काही संबंध नव्हता. तो होता ‘सिरिक’. आपल्याकडचे मुसलमान ज्याला शिर्क म्हणतात तोच, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्या कुणाला भजण्याचा आरोप. वस्तीतली माणसं उलट बोलू लागली, आलेल्यांपैकी एक जण एका बाईच्या अंगावर थुंकला आणि मग हातघाईच झाली. कुणीतरी फोनवर टिपलेलं ते दृश्य काही दिवसांत देशभर फिरलं. पोलिसांनी संघटनेच्या काही लोकांना ताब्यात घेतलं.

बातमीपुरतं प्रकरण इथे संपतं. एका बाजूला धर्मांध टोळकं, दुसऱ्या बाजूला गरीब कलावंत, अशी त्याची मांडणी तेव्हा सर्रास झाली. थुंकणाऱ्याची वकिली करण्याचं काही कारण नाही. पण या मांडणीत खरा तंटा दिसतच नाही. मेदानमधला जावानीज समाज, म्हणजे जावा बेटावरून आलेल्यांचे वंशज, बहुतांश मुसलमान आहे. तोही नमाज पढतो, रोजे धरतो, मुलांच्या सुंता करतो, आणि त्याच सुंतेच्या आनंदात दारात घोडा नाचवतो. मग त्याला ‘शिर्क’ म्हणावं असं त्या खेळात आहे तरी काय? आणि ते त्या माणसांना स्वतःला का दिसत नाही? की दिसतं, आणि तरीही ते नाचतात?

घोडा

हा घोडा सपाट असतो. बांबूच्या पट्ट्या विणून केलेला, वर रंगवलेला, मानेला आयाळ लावलेली. त्याला पाय नसतात. नाचणारा तो मांड्यांमध्ये धरतो आणि स्वतःच्याच पायांवर दौडवतो. जावानीज भाषेत जारान म्हणजे घोडा आणि केपांग म्हणजे विणलेला बांबू, म्हणून जारान केपांग. काही ठिकाणी घोडा चामड्याचा करत, म्हणून कुदा लुम्पिंग. योग्यकार्ताच्या बाजूला याच खेळाला जाथिलान म्हणतात, बान्युमासकडे एबेग, पूर्व जावातल्या केदिरी, तुलुंगागुंग, ब्लितार भागात जारानान. दर दहा कोसांवर ठेका बदलतो, मुखवटे बदलतात. कण्याचा भाग मात्र तोच राहतो.

सुरुवात कवायतीसारखी असते. स्वार रांगा धरतात, वळतात, एकमेकांवर चाल करून जातात. हे १८२५ ते १८३० च्या जावा युद्धात डचांशी लढलेल्या दिपोनेगोरोचे शिपाई आहेत असं कुठे सांगतात, तर कुठे जावाच्या जुन्या कथांतल्या राजपुत्र पांजीच्या गोष्टीतले. पुढे केन्दांग नावाचा ढोल घट्ट वाजू लागतो. गोंग आणि दोनचार धातूची वाद्यं एकच छोटं आवर्तन फिरवत राहतात, थांबतच नाहीत, आणि मग एकेका स्वाराची नजर बदलते. तो गवत खातो, बादलीत तोंड घालून पाणी पितो, दातांनी नारळ सोलतो. काही मंडळींत काच चावली जाते, चाबकाचे फटके अंगावर घेतले जातात. कधी दोरीबाहेर उभा असलेला बघ्याच ताठ होतो आणि रिंगणात कोसळतो.

आपण याला अंगात येणं म्हणतो. कोकणात अवसर म्हणतात, गोव्यात भार. आपल्या सगळ्या शब्दांत बाहेरून कुणीतरी येतं, चढतं, उतरतं. योग्यकार्ताकडचा शब्द आहे ‘न्दादी’. त्याचं मूळ ‘दादी’ या क्रियापदात आहे आणि त्याचा साधा अर्थ आहे ‘होणं’. स्वाराच्या अंगात घोडा येत नाही, तो घोडा होतो. बान्युमासवाले मात्र सरळ ‘मेन्देम’ म्हणतात. मेन्देम म्हणजे झिंगलेला. हा शब्द लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या भांडणात तो महागात पडतो.

रिंगणाचा मालक असतो पावांग. चाबूक त्याच्या हातात. आपला पोतराज आसूड स्वतःच्या पाठीवर ओढतो, पावांगचा चाबूक मुख्यतः जमिनीवर आणि हवेत कडाडतो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला आवरायचं, कुणाला परत आणायचं हे तो ठरवतो. खेळाआधी त्यानेच सेसाजेन मांडलेलं असतं: केळ्यांचा घड, फुलं, गावठी अंडं, शहाळं, काळी कॉफी, सिगारेटी आणि निखाऱ्यावर केमेन्यान. हे केमेन्यान म्हणजे आपला ऊद. मेदानच्या दक्षिणेला तापानुलीच्या डोंगरात त्याची झाडं आहेत. सुमात्राच्या या राळेला अरब व्यापारी लुबान जावी म्हणत आणि त्याचाच घासून घासून युरोपात बेन्झॉइन झाला. मिरजेच्या दर्ग्यात किंवा आपल्या देवघरात ज्याचा धूर होतो, त्याच जातीचा धूर जावात शिर्काचा पुरावा म्हणून दाखवला जातो. वस्तूला धर्म नसतो, ती कुणापुढे ठेवली यावर सगळं अवलंबून असतं. मेदानच्या गल्लीत अडवायला आलेल्यांचा मुद्दाही खरं तर हाच होता.

जावाचा खेळ मेदानला कसा

१८६३ मध्ये याकोबुस नीनहाइस हा डच व्यापारी मेदानच्या परिसरात, म्हणजे देलीच्या सुलतानाच्या मुलखात उतरला आणि तंबाखू लावू लागला. देलीचं पान युरोपात सिगारच्या वेष्टनासाठी गाजलं आणि जंगल तोडून मळ्यांमागे मळे उभे राहिले. कामाला आधी चिनी मजूर आणले, मग जावातून करारावर बाया-पुरुष. १८८० च्या कुली वटहुकमाने मळा सोडून पळणं हा फौजदारी गुन्हा ठरला. आपल्याकडच्या गिरमिट्यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

त्या मजुरांची नातवंडं-पतवंडं आज उत्तर सुमात्राच्या लोकसंख्येत साधारण एक तृतीयांश आहेत. ते स्वतःला ‘पुजाकेसुमा’ म्हणवतात. ‘सुमात्रात जन्मलेले जावाचे पुत्र’ या अर्थाच्या इंडोनेशियन शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेलं हे नाव आहे, पण त्यात पूजा आणि कुसुमही ऐकू येतात. मळ्यावर आलेल्या माणसाला गाव, शेत, नात्यागोत्याची कबरस्तानं, गावराखणीची दैवतं यातलं काहीच बरोबर आणता येत नव्हतं. बांबू मात्र सुमात्रातही होता. घोडा विणता येत होता.

तेव्हा सुंगगालमध्ये जो अडवला गेला तो कुठल्या महोत्सवातला कार्यक्रम नव्हता. गाव गमावलेल्या लोकांनी परमुलखात पुन्हा विणलेलं ते गाव होतं. ‘आमची संस्कृती आहे’ असं ती माणसं म्हणतात तेव्हा त्यामागे हे सगळं असतं.

शिर्क म्हणजे नेमकं काय

अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्या कुणाला बसवणं म्हणजे शिर्क. कुराणाच्या चौथ्या सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, स्पष्ट म्हटलं आहे की बाकीचे गुन्हे अल्लाह ज्याला हवं त्याला माफ करील, हा मात्र नाही. चोरी, दारू, व्यभिचार सगळे या मानाने खालचे. त्यामुळे सश्रद्ध मुसलमानाच्या कानाला हा शब्द ‘अंधश्रद्धा’ यासारखा मवाळ लागत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली दिसावी तसा तो लागतो. आरोप करणाऱ्याचा आवेश यातून समजतो, त्याचं वागणं मात्र त्याने योग्य ठरत नाही.

मौलवी मंडळी सेसाजेनकडे बोट दाखवतात तेव्हा विचारतात: हे कुणाला? उत्तर मिळतं, दान्यांगला. दान्यांग म्हणजे गावाचा राखणदार आत्मा, आपल्या कोकणातल्या राखणदाराचा अगदी सख्खा भाऊ शोभावा असा. त्यावर ते बहात्तराव्या सुऱ्यातली, म्हणजे ‘अल-जिन’मधली सहावी आयत (वचन) म्हणून दाखवतात. काही माणसं काही जिनांचा आसरा घेत असत आणि त्याने त्यांचा बोजा वाढतच गेला, असा तिचा आशय. या एका आयतीवर हा सगळा वाद तोलला जातो असं म्हटलं तरी चालेल.

दुसरा आक्षेप अकलेचा, आणि मला तो जास्त खोल वाटतो. इस्लाममध्ये माणूस जबाबदार ठरतो तो अक्कल शाबूत असते म्हणून. मूल, झोपलेला आणि वेडा यांच्यावर नमाजाचं ओझं नाही. दारू निषिद्ध आहे ती याच कारणाने. नशेत असताना, आपण काय बोलतो हे कळत नसताना नमाजाजवळ जाऊ नका, अशी आज्ञा आहे. मग जो माणूस ठरवून, गाजावाजा करून, आईबापांसमोर आपली अक्कल उतरवून ठेवतो त्याचं काय? आणि त्याच्या मुलखातले लोकच त्या अवस्थेला ‘मेन्देम’ म्हणतात! मौलवीला पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही.

काच खाणं, फटके खाणं याबद्दल ‘स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नका’ ही आयत आहे. आजकालच्या खेळात मध्येच घुसवलेलं दांगदुत नावाचं नाचरं लोकप्रिय गाणं, तोकड्या कपड्यातली गायिका, बायापुरुषांची एकत्र गर्दी यावरही बोललं जातं. पण ती कुरबूर कुठल्याही जत्रेबद्दल होते.

इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००५ च्या राष्ट्रीय अधिवेशनात दुकुनगिरी आणि भविष्यकथन हराम ठरवलं. दुकुन म्हणजे मांत्रिक, भगत. तो फतवा घोड्यावर नव्हता, पण पावांग हा दुकुनच आहे असं कुणी म्हटलं तर तो फतवा रिंगणापर्यंत पोचतो. शेजारच्या मलेशियात जोहोर राज्याच्या फतवा समितीने तर २००९ मध्ये नाव घेऊनच कुदा केपांग हराम ठरवला. तिथेही तो जावाहून गेलेल्यांनीच नेला होता.

दोघांनाही भूत दिसतं

मराठी वाचकाची इथे हमखास फसगत होते, माझीही झाली होती. अंगात येण्याला विरोध म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अंधश्रद्धा निर्मूलनवाले येतात. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आपल्याकडे जो कायदा झाला, त्यात अंगात शक्ती संचारल्याचं भासवून लोकांच्या मनात भीती घालणं हा गुन्हा आहे. ‘भासवून’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडचा विरोधक म्हणतो, अंगात काहीही आलेलं नाही, हे ढोंग आहे किंवा मनाचा आजार आहे.

जावातला विरोधक असं म्हणत नाही. तो म्हणतो, आलं आहे, नक्की आलं आहे, तेच तर भयंकर आहे. जिन कुराणात आहेत, त्यांच्या नावाचा अख्खा सुरा आहे. पावांगही तेच मानतो. दोघांना एकच गोष्ट दिसते: एका पोराच्या शरीरात दुसरं कुणीतरी आहे. मेदानच्या गल्लीत समोरासमोर उभे राहिलेले लोक जगाच्या रचनेबद्दल एकमत होते. नुसतं नाटकच आहे असं तिथे कुणाला वाटत असतं, तर ‘शिर्क’ हा शब्द निघालाच नसता.

मग पावांग काय करतो ते पाहा. स्वाराला परत आणायची वेळ झाली की तो त्याचं डोकं धरतो, कानाशी तोंड नेतो आणि पुटपुटतो. त्या पुटपुटण्यात जावानीज मंत्र असतात, आणि ‘बिस्मिल्लाह’ असतं, कुराणाचा पहिला सुरा अल-फातिहा असतो, रक्षणासाठी म्हटली जाणारी आयतुल कुर्सी ही आयत असते. खेळाआधीही अनेक मंडळींत अल्लाहचं नाव घेऊनच सुरुवात होते. ‘आमच्याकडे येणारा जिन मुसलमान आहे’ असं सांगणारे पावांगही भेटतात, आणि ही काही पळवाट नाही. जिनांमध्ये मुसलमान आणि काफिर दोन्ही असतात हे त्या सुऱ्यातच आहे.

आता दुसरीकडे रुकिया करणारा पाहा. रुकिया म्हणजे कुराणातल्या आयती म्हणून बाधा उतरवणं. गेल्या काही दशकांत इंडोनेशियाच्या शहरांत त्याची मोठी चलती झाली आहे. तोही रोग्याचं डोकं धरतो, कानाशी आयती म्हणतो, आतल्याला विचारतो: तू कोण, का आलास, निघ. आयतुल कुर्सी तीच. मुद्रा बऱ्याचदा तीच. फरक एकाच ठिकाणी आहे. रुकियावाला जिनाला कधी बोलावत नाही, फक्त हाकलतो. पावांग आधी बोलावतो, नाचवतो, खाऊपिऊ घालतो आणि मग हात जोडून निरोप देतो. पाहुणा आणि घुसखोर यांत जो फरक, तोच हा. येणारा तोच, पण उंबऱ्यावर त्याला काय म्हणालात?

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म या आमंत्रणात आहे. नाच, वाद्यं, घोडा, मुखवटे यांवर जी भांडणं होतात ती याच्या आजूबाजूला फिरतात. ज्याच्या जगात अल्लाह आणि माणूस यांच्यामध्ये कुणालाच बोलावण्याची मुभा नाही, त्याला दान्यांगपुढची कॉफीसुद्धा खुपते. ज्याच्या जगात गाव माणसांचं तसंच न दिसणाऱ्यांचंही आहे, त्याला शेजाऱ्याला न बोलावणं उद्धटपणाचं वाटतं.

जावालाही हे सगळं आवडत होतं असं नाही

जावानीज विरुद्ध इस्लामी अशी सोपी जोडी इथे लावता येत नाही. जावाच्या स्वतःच्या नीतीत ‘एलिंग’ हा फार मोठा शब्द आहे. एलिंग म्हणजे आठवण असणं, भान असणं. ‘लाली’ म्हणजे विसरणं. शहाण्याने एलिंग आणि सावध असावं, हे जावानीज घरांत लहानपणापासून ऐकवलं जातं. सुफी परंपरेतला जिक्र, म्हणजे अल्लाहच्या नावाचा जप, हीसुद्धा आठवणच आहे, त्यामुळे हे दोन शब्द जावात एकमेकांत सहज मिसळले. या मोजमापाने पाहिलं तर रिंगणात गवत खाणारा स्वार जावाच्याच कसोटीवर नापास होतो. योग्यकार्ता आणि सुराकार्ताच्या राजवाड्यांत जो नाच घडला त्यात बोटाचं टोकही भानावर असतं; त्या दरबारी लोकांनी घोडेवाल्यांना गावंढळच मानलं. मौलवीच्या आधीपासून नाकं मुरडली जात होती.

मग लोक लाली का होतात? मजूर, गवंडी, मोटारसायकलवरून भाडं मारणारी पोरं असतात ती. आठवडाभर नम्रपणे, आवाज न चढवता, मोठ्यांपुढे कंबरेत वाकून वागायचं. जावानीज भाषेत समोरच्याच्या मानाप्रमाणे शब्दच बदलावे लागतात, आपल्या तू-तुम्ही-आपणपेक्षा कितीतरी जास्त. घोडा झालेल्याला भाषाच नसते. त्याच्याशी सरपंचाला अदबीने वागावं लागतं. हे माझं वाचन आहे, आणि एवढ्यानेच सगळं उलगडतं असा माझा दावा नाही. कारण स्वतः स्वाराला विचारलं तर तो म्हणतो, मला काही आठवत नाही.

‘संस्कृती’ नावाचं छप्पर

सरकारने या तंट्यातून काढलेली वाट आपल्याला ओळखीची आहे: याला धर्म म्हणू नका, कला म्हणा.

ही वाट रक्तातून गेलेली आहे. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली गेली. त्याआधीच्या वर्षांत गावोगावच्या नाच-नाट्य मंडळींना पक्षांनी वाटून घेतलं होतं, आणि बऱ्याच मंडळींवर डाव्यांचा शिक्का होता. पूर्व जावातल्या हत्याकांडात नहदतुल उलेमा या मोठ्या मुस्लिम संघटनेच्या तरुण शाखेचे लोकही सामील होते. उत्तर सुमात्रात मळेमजुरांची डावी संघटना सारबुप्री चिरडली गेली, आणि त्या मजुरांत जावानीज मोठ्या संख्येने होते. घोडे कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिले. पुढे लष्करशहा सुहार्तोच्या राजवटीत ते बाहेर आले ते परवानगीचे कागद घेऊन, सरकारी समारंभांत, विकासाच्या घोषणांसोबत.

त्याच काळात प्रत्येकाला कुठला तरी मान्य धर्म लावून घेणं भाग पडलं. धर्म न लावणारा म्हणजे कम्युनिस्ट, हा संशय जिवावर बेतणारा होता. जावाच्या जुन्या आध्यात्मिक पंथांना ‘श्रद्धा’ असं वेगळं नाव देऊन धर्म खात्याऐवजी संस्कृती खात्याकडे ढकललं गेलं. ओळखपत्रावरच्या धर्माच्या रकान्यात त्यांना जागा मिळायला घटना न्यायालयाचा २०१७ चा निकाल उजाडावा लागला. घोडेवाल्यांनी तो मार्ग धरला नाही. ते मुसलमान राहिले आणि घोडा ‘बुदाया’, म्हणजे संस्कृती झाला.

छप्पर म्हणून ते चांगलं आहे. २०१७ च्याच संस्कृतीसंवर्धन कायद्यात जपायच्या दहा गोष्टींची यादी आहे. गंमत अशी की तिच्यात ‘कला’ वेगळी आहे आणि ‘विधी’ वेगळा. घोड्याला कुठे बसवायचं? बसवलं जातं ते बहुतेकदा कलेत. मग स्पर्धा होतात, मिनिटं ठरतात, एकसारखे पोशाख शिवले जातात, आणि न्दादी एकतर गाळली जाते नाहीतर अभिनयाने दाखवली जाते. परीक्षकांसमोर भान खरंच हरपलं तर वेळेचं गणित बिघडतं! मौलवीची हरकत मिटते, पर्यटकाचा फोटो निघतो.

फक्त पावांगचं काम संपतं. ज्याला बोलावायचं नाही त्याला निरोप कसला द्यायचा? शिर्काचा आरोप करणारा निदान त्या रिंगणात काहीतरी घडतं हे मान्य तरी करतो. ‘सुंदर लोककला’ म्हणून टाळ्या वाजवणारा तेही करत नाही. या दोघांत खेळाचा जास्त अपमान कोण करतो, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

मौलवीही एका सुरात बोलत नाहीत

१९१२ मध्ये योग्यकार्तात स्थापन झालेली मुहम्मदिया ही सुधारणावादी संघटना. तिच्या लोकांनी जुन्या चालीरीतींना एक नाव ठेवलं: टीबीसी. ताहायुल, बिदआ, चुराफात. म्हणजे भ्रामक कल्पना, धर्मात घुसवलेल्या नव्या गोष्टी आणि खुळचट समजुती. इंडोनेशियात टीबीसी म्हणजे क्षयरोगही. विनोद बोचरा आहे, पण रोगाने माणूस मरत नाही तोवर औषध देता येतं, असंही त्यात आहे. मुहम्मदियाच्याच घरात पुढे लोकसंस्कृतीतून धर्म पोचवण्याचा विचारही मांडला गेला.

१९२६ मध्ये उभ्या राहिलेल्या नहदतुल उलेमाचं धोरण मात्र पहिल्यापासून वेगळं: जुन्यातलं चांगलं राखा, नव्यातलं अधिक चांगलं घ्या. १९६२ मध्ये तर तिने कलावंतांसाठी लेस्बुमी ही आपली शाखाच काढली. जावातला जुना मुस्लिम संत सुनान कालिजागा याने छायानाट्यातून इस्लाम जावाच्या गळी उतरवला, ही आख्यायिका या बाजूची लाडकी. म्हणजे सेसाजेनच्या जागी दुआ, दान्यांगच्या जागी गावासाठी प्रार्थना, काच बंद, घोडा चालू. अशी तडजोड जावातल्या कितीतरी गावांत रोज चालते, आणि ती कुठल्याही फतव्यात लिहिलेली नाही. गावचा किआई, म्हणजे धर्मगुरू, आणि गावचा पावांग हे बऱ्याचदा एकाच विहिरीचं पाणी पिऊन वाढलेले असतात. किआई खेळाला जात नाही. पण त्या दिवशी त्याला कुठेतरी परगावी काम निघतं.

मेदानला तेच नव्हतं, असं मला वाटतं. अडवणारे ना त्या विहिरीचे होते ना त्या नात्याचे. शहरात माणूस शेजाऱ्याकडे संघटनेच्या फलकाआडून पाहतो. शिवाय दिवस कुठले होते ते बघा: १३ एप्रिलला रमजान लागणार होता. त्याआधीचा शाबान महिना जावानीज पंचांगात ‘रुवाह’ म्हणून ओळखला जातो आणि ते नाव आत्म्यांसाठीच्या अरबी शब्दावरून आलं आहे. या महिन्यात जावानीज माणूस पूर्वजांच्या कबरी झाडतो, फुलं वाहतो, जेवणं घालतो. कडव्या माणसाला तेवढ्याच दिवसांत रमजानआधी मोहल्ला स्वच्छ करायचा असतो. एकाच महिन्याला एक जण आत्म्यांचा म्हणतो आणि दुसरा उपवासाची तयारी. एका वस्तीत दोन्ही पंचांगं भिंतीवर लागलेली.

जावानीज भाषेत ‘सुरुप’ म्हणजे सूर्य मावळणं. त्याच शब्दावरून ‘केसुरुपान’, म्हणजे कुणीतरी आत शिरणं, झपाटलं जाणं. तिन्हीसांजेला पोरांना घरात घ्या, हे आपल्यासारखंच तिथेही आया ओरडून सांगतात. आणि नेमकी तीच वेळ मगरिबच्या नमाजाची. म्हणून योग्यकार्ताकडच्या गावांत दुपारचा डाव मगरिबच्या आत आवरायचा आणि रात्रीचा इशाच्या नमाजानंतर लावायचा, असा रिवाज आहे. मशिदीच्या कर्ण्यातून बांग सुरू झाली की केन्दांग गप्प होतो. बघे उठून जातात, काही मशिदीकडे, काही भजीवाल्याकडे. एखादा स्वार अजून परत आलेला नसेल तर त्याच्या घोड्यावर कुणीतरी कापड टाकतं, आणि पावांग त्याचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसून राहतो, ओठ हलवत, बांग संपेपर्यंत.